‘पाहते’ म्हणण्याआधी

पत्र

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बी.ए. करून यंदा नागपुरात एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला. घरी शेती, कापूस आणि तूर. परवा कॉलेजात फील्डवर्कची यादी लागली. मला वस्तीतलं काम हवं होतं, पण मिळालं मोठं सरकारी रुग्णालय, तिथला समाजसेवा विभाग. पुढच्या आठवड्यापासून दर गुरुवार-शुक्रवार जायचं आहे. सीनियर म्हणतात, “काही नसते तिथं. टेबलाजवळ बसायचं, रजिस्टर भरायचं, घरी येऊन रिपोर्ट लिहायचा.” मॅडम म्हणतात, “केसवर्क शिकायला हॉस्पिटलसारखी जागा नाही.” दोन्ही ऐकून मला भीतीच वाटते.

माझ्या लहान भावाला सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे. त्याच्या दुखण्यात याच रुग्णालयाच्या बालरुग्ण वॉर्डाबाहेर, व्हरांड्यात, मी कितीतरी रात्री काढल्या आहेत. हे कॉलेजात कोणालाच सांगितलेलं नाही. तिथल्या एखाद्या आईसमोर मीच रडायला लागले तर? आणि माझ्याजवळ द्यायला आहे तरी काय? पैसे नाहीत, ओळखी नाहीत, बोलणं गावचं. सगळे म्हणतात तयारीनं जा. तयारी म्हणजे नेमकी काय करायची?

— एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर

प्रिय मुली,

व्हरांड्यात सतरंजी टाकून रात्री काढलेली मुलगी मला विचारते आहे की माझ्याजवळ द्यायला काय आहे! रात्री दोन वाजता रक्तपेढीत कोणत्या दारानं जायचं, पिण्याचं पाणी कोणत्या नळाला येतं, वॉर्डातल्या मावशीशी कसं बोललं की ती आत सोडते, हे तुला ठाऊक आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांना एवढं कळायला डिसेंबर उजाडायचा. तेव्हा त्या प्रश्नाची काळजी तू सोड. मला तुझी वेगळी काळजी आहे आणि ती ओरिएंटेशनमध्ये फारशी कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून आधी तीच सांगते.

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. फील्डवर्क सरकारी रुग्णालयातच होतं, नाव नको. शुक्रवारी साडेचारच्या सुमाराला एक म्हातारे बाबा विभागात आले. धानाच्या पट्ट्यातले, गडचिरोलीकडचे. खांद्यावर दुपट्टा, हातात कृषी केंद्राची खताची जाहिरात असलेली पिशवी. बायको घसरून पडली होती, खुबा मोडला होता. ऑपरेशनचं सामान बाहेरून आणायला सांगितलं होतं आणि तेवढे पैसे नव्हते. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले आणि माझ्यासमोर एकेक करून मांडले. रेशनकार्ड घडीवर फाटून चार तुकडे झालेलं होतं, ते त्यांनी जुळवून ठेवलं. मी कागद उलटेपालटे केले. खरं सांगते, त्यातला कोणता कामाचा आणि कोणता नाही हे मला काहीच कळत नव्हतं. पण गळ्यात ओळखपत्र होतं, हातात पेन होतं आणि ते मला मॅडम म्हणत होते. मला कळत नाही हे सांगायची लाज वाटली. मी म्हणाले, “पाहते बाबा, उद्या.”

उद्या शनिवार होता. मी कॉलेजात होते. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, मी तिथे नव्हतेच. गुरुवारी सकाळी गेले तर बाबा दाराबाहेरच्या बाकावर बसलेले. रोज सकाळी येऊन बसत होते. दहा पावलांवर, आतल्या टेबलाशी विभागाचे समाजसेवा अधीक्षक होते, त्यांना त्यांनी काही विचारलंच नव्हतं. म्हणाले, “तुमी पायतो म्हनलं होतं ना बाई, म्हून दुसऱ्या कोनाले नाही इचारलं.” आवाजात तक्रार नव्हती. अधीक्षकांनी कागद पाहिले, दोन फोन केले, एका ट्रस्टकडून पैशांची सोय तासाभरात झाली. पण ते सहा दिवस बाई पाठीवरच पडून होत्या आणि त्यांच्या पाठीला जखम धरायला लागली होती. ऑपरेशन झालं, त्या घरीही गेल्या. जाताना बाबांनी मला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांपुढे मला मान वर करता आली नव्हती.

म्हणून तुझी पहिली तयारी ही. ‘पाहते’, ‘करू काहीतरी’, ‘होऊन जाईल’ हे शब्द घरून निघतानाच मागे ठेव. आपल्या बोलण्यात ते इतके सहज येतात की आपण काही कबूल केलं हे आपल्या ध्यानातही राहत नाही. समोरचा माणूस मात्र त्या शब्दावर बसून राहतो. त्याला तू विद्यार्थिनी आहेस हे माहीत नसतं. आठवड्यातले दोनच दिवस येतेस हे माहीत नसतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये तू निघून जाणार हे तर नसतंच.

ते त्याला कळलं पाहिजे, आणि पहिल्याच भेटीत. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून ही ओळख मोठ्यानं म्हणवून घ्यायची, तूही खोलीत एकदा म्हणून पाहा: “मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे, इथे शिकायला येते. गुरुवारी आणि शुक्रवारी असते. परीक्षेपर्यंत येणार, मग नाही. तुमचे कागद मी सरांना दाखवते. मी नसले तर या खिडकीशी, या सरांनाच भेटायचं.” आणि शेवटचं वाक्य चिठ्ठीवर लिहून हातात द्यायचं. खोली क्रमांक, अधिकाऱ्याचं पद, वेळ. वाचता येत नसेल तर सोबत चालत जाऊन दार दाखवायचं. वर्षाच्या शेवटी तुला ‘टर्मिनेशन’ शिकवतील, म्हणजे काम संपवून माणसाचा निरोप कसा घ्यायचा ते. माझं मत विचारशील तर तो धडा पहिल्या गुरुवारी हवा.

याच्याच पोटातली एक गोष्ट, आणि इथे चूक चालत नाही. बालरुग्ण वॉर्डात एखादं लेकरू तुझ्याजवळ सरकेल आणि म्हणेल, “ताई, कोणाले सांगशील नाही ना?” तोंडातून ‘नाही सांगत’ निघू देऊ नकोस. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्याने ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तुला ते एकटीने करायचं नाही. त्याच तासाला तुझ्या सुपरवायझरला आणि विभागाच्या अधीक्षकांना सांगायचं, पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. लेकराला एवढंच म्हण, “तुला बरं वाटावं म्हणून ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन.” १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आता कागदांकडे येते, कारण रुग्णालयातलं निम्मं समाजकार्य कागदांवर अडतं आणि कागदांवरच सुटतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं कवच आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. पहिल्या गुरुवारी त्यांच्या शेजारी तासभर नुसती बसायची परवानगी माग. काय दिसेल सांगते. एक बाई येईल, मांडीवर पोर. आधार कार्डावर तिचं माहेरचं आडनाव. सासरच्या रेशनकार्डावर तिचं नाव चढलेलंच नाही आणि माहेरच्या कार्डावरून लग्नानंतर कमी केलेलं. म्हणजे ती कोणत्याच घरची नाही. पोराचा जन्मदाखला गावी ट्रंकेत. नवरा कामाला हैदराबादेकडे. आरोग्यमित्र खेकसत नाही, पण त्याच्यापुढे रांग आहे, तो म्हणतो, “बाई, नाव चढवून आणा.” ती उठते आणि वॉर्डात जाऊन बसते. कुठे चढवायचं, कोणाला सांगायचं, पोराजवळ कोणाला ठेवून जायचं, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तुझं काम त्या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होतं. रेशनकार्डाचा बारा अंकी क्रमांक कुठे सापडतो, नाव चढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत काय लागतं, उत्पन्नाचा दाखला सेतूतून कसा निघतो, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कोण भरून देतं, हे या आठवड्यात माहीत करून घे. क्षयरोगाच्या वॉर्डात गेलीस तर लक्षात ठेव, निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० रुपये झाली आहे. पुष्कळांचे पैसे येत नाहीत ते खात्याला आधार जोडलेलं नसतं म्हणून.

सीनियर म्हणतात तसं रजिस्टर तुझ्यापुढे येईलच. पहिले दोन आठवडे ते आनंदाने भर. कोणत्या तालुक्यातून माणसं येतात, कोणत्या दुखण्याला येतात, किती जण ‘डामा’ लिहून, म्हणजे डॉक्टरांचं न ऐकता सुट्टी घेऊन, निघून जातात, हे त्या रकान्यांत लिहिलेलं असतं. डामावर सही करून गेलेल्या दहा नावांचे पत्ते बघ. मला तरी त्यांत लांबच्या गावचेच जास्त दिसायचे. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, घरी ढोरं बांधलेली असतात, दुसरं पोर शेजारणीकडे असतं. पण दिवाळी आली तरी तुझ्या हाती रजिस्टर आणि झेरॉक्स एवढंच असेल, तर कॉलेजच्या आयसीत, म्हणजे सुपरवायझरशी एकटीने होणाऱ्या बैठकीत, हे स्पष्ट बोल. गप्प बसून वर्ष काढलेली मुलं मी पाहिली आहेत. नोकरीला लागल्यावर ती पेशंटच्या कॉटपाशी जायला घाबरतात.

वस्ती हवी होती म्हणतेस. हिरमुसू नकोस. आपल्या देशात समाजकार्याचं रीतसर शिक्षण सुरू करणारी शाळा १९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये भरायला लागली, तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. नेबरहुड हाऊस तिच्या आधीपासून त्या मोहल्ल्यात काम करत होतं. काम आधी आलं, वर्ग नंतर. आणि तुझ्या वाट्याला आलेला वॉर्डही वस्तीच आहे. एका रांगेत गडचिरोली, गोंदिया, भंडारा, पलीकडच्या रांगेत मध्य प्रदेशातलं बालाघाट, छिंदवाडा. कोणी हिंदी बोलेल, कोणी गोंडी. ‘जय सेवा’ किंवा ‘जोहार’ म्हणून सुरुवात केलीस तर मान वर होते, मी अनुभवलं आहे. तुझं बोलणं गावचं आहे ना? ते तसंच राहू दे. “काहून गेले नाही जी सोनोग्राफीले?” असं विचारलंस तर खरं कारण कळेल. “तुम्ही तपासणी का टाळलीत?” असं विचारलंस तर माणूस मान खाली घालेल.

लोक तुला आडनाव विचारतील. का विचारतात ते आपण दोघीही जाणतो. नाव-आडनाव शांतपणे सांग आणि लगेच त्यांच्या दुखण्याकडे वळ. त्यामुळे कोणी तुझ्या हातचं पाणी घेणार नाही, किंवा जास्तच जवळीक दाखवेल. दोन्ही गोष्टी त्याच रात्री वहीत लिहायच्या आणि सुपरवायझरसमोर बोलायच्या, मनात साठवायच्या नाहीत. तूही कोणाची जात वॉर्डात मोठ्यानं विचारू नकोस. जातीचा दाखला लागत असेल तर बाजूला घेऊन विचार.

वहीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तिथे मी फार कडक होते. रेकॉर्डिंग, म्हणजे दिवसभराच्या कामाची लेखी नोंद, त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी लिहिलं की आपण माणसाचं बोलणं विसरतो आणि ‘रुग्णाची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे’ असं लिहून मोकळे होतो. असं वाक्य आलं की मी वही परत करायची. त्याऐवजी काय लिहायचं? ‘दोन एकर धान. औषधासाठी जूनमध्ये बैल विकला, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली. सोबत आलेल्या सुनेची रोजची मजुरी बुडते, ती सकाळी एकदाच जेवते.’ हे वाचून कोणती योजना लावायची ते पुढच्या माणसाला कळतं. तिच्या तोंडचे शब्द तिच्याच बोलीत लिही, खाली तुला काय वाटलं ते वेगळं लिही. नाव पूर्ण लिहू नकोस. केसपेपरचा फोटो काढायचा नाही, वॉर्डातला सेल्फी नाही, स्टेटस नाही. एचआयव्हीबाधित माणसाची ओळख त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, पण कायदा नसता तरी हे पाळायला हवं. बसमध्ये मैत्रिणीला सांगितलेली ‘आजची केस’ मागच्या सीटवर त्या बाईची नणंद ऐकत असते.

बाकीचं पटकन. सलवार-कमीझ, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, पाण्याची बाटली, डबा. हिपॅटायटिस बीच्या लसी झाल्या नसतील तर आजच चौकशी कर. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. क्षयरोगाच्या वॉर्डात मास्कशिवाय पाऊल ठेवू नकोस. स्वतःचे पैसे कोणाला देऊ नकोस, कितीही गलबललं तरी. एकाला दिलेस की बाजूचे चार तुझ्याकडे तसे पाहायला लागतात आणि मग तुझं बोलणं त्यांना ऐकू येत नाही. चहाचा कप पाजलास तर मी काही म्हणणार नाही. आणि कामाच्या ठिकाणी कोणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर फील्डवर्कचे मार्क जातील म्हणून सोसायचं नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. रुग्णालयाच्या अंतर्गत समितीकडे जाता येतं, तुझ्या कॉलेजातही अशी समिती असायलाच हवी.

आता रडण्याचं. मुली, तू रडशील. मी रडले आहे, सिस्टर रडतात, ड्यूटी संपल्यावर जिन्यात बसून रडणारे निवासी डॉक्टर मी पाहिले आहेत. एखाद्या आईजवळ बसून डोळे भरून आले तर तिला त्यानं काही होत नाही. तिला त्रास होतो तो आपलं रडणं तिला आवरावं लागलं की. त्या वेळी “येते मी, पाणी पिऊन” म्हणून उठावं आणि सांगितल्याप्रमाणे परत यावं. परत येणं जास्त महत्त्वाचं. त्याहून एक मोठा धोका तुझ्यापुढे आहे आणि तो रडण्याचा नाही. सिकलसेलचं लेकरू सांधे धरून कण्हताना दिसलं की तुला तुझा भाऊ दिसेल. मग त्याच्या आईला तू सगळं सांगत सुटशील, पाणी किती पाजायचं, थंडीत कसं जपायचं, हायड्रॉक्सियुरियाचं औषध कधी सुरू केलं. सगळं बरोबर असेल, पण ती बाई तुझ्या घरची नाही. तिचं दुखणं कदाचित वेगळंच असेल. नवऱ्यानं ‘तुझ्याच रक्तातून आलं’ म्हणून टाकलं असेल. खरं तर सिकलसेलचा आजार आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय होत नाही, पण दोष आईला लागतो. तिचं ऐकल्याशिवाय हे तुला कळणार नाही.

म्हणून गुरुवारच्या आधी कॉलेजच्या सुपरवायझर मॅडमना एकटीने भेट आणि भावाबद्दल सांग. दोन वाक्यं पुरेत: “माझ्या भावाला सिकलसेल आहे, मी त्याच वॉर्डात राहिलेली आहे. सुरुवातीला मला दुसरा वॉर्ड मिळाला तर बरं, आणि नंतर त्या वॉर्डात गेले तर आयसीत यावर बोलायला वेळ द्या.” यानं तुझी किंमत कमी होईल असं वाटत असेल तर तसं नाही. एका विद्यार्थ्याने ही अशीच गोष्ट माझ्यापासून लपवली होती आणि मी त्याला नेमकं जिथे नको तिथे पाठवलं. तो महिनाभर आजारी म्हणून येत राहिला नाही. कारण मला वर्ष संपताना कळलं. विचारायचं मलाच सुचलं नव्हतं, म्हणून तुला सांगते आहे की तू वाट पाहू नकोस.

आणि गुरुवारला अजून आठवडा आहे, तर एक काम घरचंच कर. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल धरलेला आहे. भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं आहे का? नसेल तर या शनिवारी गावी जा, एसटीत तुला अर्धंच तिकीट लागेल. त्याचे तपासणीचे अहवाल, आधार, फोटो गोळा कर आणि स्वावलंबन पोर्टलवर त्याचा अर्ज स्वतःच्या हाताने भर. मग तपासणीसाठी बोलावतील तेव्हा त्याच्याबरोबर तूच रांगेत उभी राहा. कोणता कागद परत आला, कोणत्या खिडकीवर काय सांगितलं, आईला त्यातलं काय कळलं आणि काय नाही, हे सगळं तारखेनिशी लिहून ठेव. फील्डवर्कच्या वहीचं पहिलं पान तेच होऊ दे. मॅडमना दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुझी,
ताई